आक्का, बाब्या हरवला नव्हता

आक्का, तुमच्या पिंडाला कावळा लगेच शिवला आणि माझी पंचाईत झाली.

घाटावर पिंड ठेवून नितीन मागं सरकतो न सरकतो तोच एक कावळा उतरला, जणू सकाळपासून तिथंच ताटकळत होता, आणि भाताला चोच लावून गेला. भावकीनं हुश्श केलं. "बाई भाग्याची. मागं कायबी इच्छा ठिवली न्हाई," असं म्हणत माणसं चपला शोधायला लागली. मी मात्र जागची हलले नाही. कारण आदल्या दिवशीच मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. कावळा शिवायला वेळ लागला की नेहमीसारखे लोक माझ्याकडं बोट करून सुचवायला लागतील, 'मंदाला सांभाळू म्हणा', 'विहिरीच्या वाट्याचं नीट करू म्हणा'. तेव्हा मी पुढं व्हायचं आणि सगळ्यांदेखत सांगायचं, की आक्कांचा जीव कशात अडकलाय ते मला ठाऊक आहे. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. जिवंतपणी एसटीला निघायचं म्हटलं तरी मला अर्धा तास खोळंबून ठेवणारी बाई, मेल्यावर एवढी घाई कशी करते?

नंतर तालुक्यातल्या एका पुढाऱ्यानं श्रद्धांजली वाहिली. तो तुम्हाला ओळखत नव्हता हे उघडच होतं, पण कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं असणार. "आक्कांची मुक्या जिवांवर फार माया होती," तो माइकवरून म्हणाला, "आणि या कामी त्यांना धाकट्या जाऊबाईंची मोलाची साथ लाभली." बायका वळून माझ्याकडं बघायला लागल्या. मी पदर तोंडावर घेतला. त्यांना वाटलं, रडतेय.

आज तुम्हाला जाऊन चौदा दिवस झाले. पाहुणे गेले, मांडव उतरला, नितीन काल पुण्याला गेला. घाटावर बोलायचं राहिलं ते इथं लिहिते. बाब्या हरवला नव्हता, आक्का. मी त्याला सोडला होता.

राहू गावच्या वस्तीवरच्या या घरात मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा तुम्ही पायरीवर तांदूळ निवडत बसला होतात. माझ्याशी पहिलं वाक्य बोललात ते, "चप्पल तिकडं काढ." तेव्हापासून आपली जुंपली. मिठावरून, टीव्हीच्या आवाजावरून, गॅस मोठा ठेवायचा की बारीक यावरून. नितीन माझ्या पोटचा, पण मी अंगणवाडीत जायची म्हणून वाढवला तुम्ही. तुम्हाला मूल झालं नाही हा विषय त्याच्यामुळं घरात कधी निघालाच नाही. मग थोरले गेले, मागोमाग धाकटे गेले, नितीन नोकरीला पुण्यात गेला आणि एवढ्या घरात आपण दोघी जावा उरलो. भांडायला तरी दुसरं कोण होतं?

बाब्या आला तेव्हा त्याचं नाव ऑस्कर होतं. नितीननं लेकीच्या, स्वराच्या वाढदिवसाला पिल्लू म्हणून आणलेला. पहिलं वर्षभर फोनवर रोज फोटो यायचे. ऑस्कर सोफ्यावर, ऑस्कर रेनकोटात, ऑस्करचा स्वतःचा केक. सूनबाई त्याला 'आमचा मोठा मुलगा' म्हणायची. मग हा मोठा मुलगा अंगानं वाढला, दिवसभर बंद फ्लॅटमध्ये एकटा भुंकायला लागला, सोसायटीत तक्रारी झाल्या, आणि एका रविवारी पांढऱ्या गाडीतून तो गादी, वाटी नि शाम्पूसकट आपल्या अंगणात उतरला.

"इथं मोकळी जागा आहे, मोठी आई. तो इथं जास्त सुखात राहील," नितीन तुम्हाला म्हणाला.

"व्हय. मोठा मुलगा न्हवं का तुमचा? मंग धाकटीलाबी आणून सोड की हितं, मोकळ्या जागंत."

नितीन हसला. तुम्ही हसला नव्हतात.

गाडी निघाली तसा तो तिच्यामागं सुटला. कॅनॉलपर्यंत गेला. तुम्ही गुडघे धरत त्याच्यामागं गेलात आणि पट्ट्याला धरून परत आणलात. चार दिवस त्यानं वाटीला तोंड लावलं नाही. पाचव्या दिवशी तुमच्या हातून दूधभाकरी खाल्ली. पण एक खोड त्याला कायमची लागली. कुठलीही चारचाकी थांबली की हा दाराशी जाऊन शेपटी हलवत उभा राहायचा. ऑस्कर हे नाव तुमच्या तोंडात बसेना, म्हणून तुम्ही त्याचा बाब्या केलात, आणि तो त्या नावाला असा धावायचा की जन्मल्यापासून तेच असावं.

त्याच उन्हाळ्यात आपण वरवंडला बँकेत गेलो होतो. हायवेच्या कडेला एका ढाब्यावर बाजेखाली निळ्या डोळ्यांचं, ढीगभर केसांचं एक कुत्रं जीभ काढून पडलं होतं. बर्फात राहणारी जात, आणि वर आपलं एप्रिलचं ऊन. ढाबेवाला म्हणाला, "पुन्याची गाडी थांबली, माणसं जेवली, ह्येला इसरून गेली. ह्या साली ह्ये तिसरं हाय." तुम्ही भर रस्त्यात ओरडलात, "इसरली? पिशवी हाय का ती इसरायला?" आणि बँकेचं काम टाकून त्याच्या अंगावर तांब्या तांब्या पाणी ओतत बसलात. आपली एसटी गेली. मी तुम्हाला घरी येईपर्यंत बोल लावत होते.

आपला खरा वाद मात्र उंबऱ्याचा. माझ्या माहेरी कुत्रं दारात, साखळीला. उसात बिबटे आल्यापासून तर प्रत्येक वस्तीवर एक तरी कुत्रं बाहेर बांधलेलं असतं. बिबट्या आला तर आधी ते भुंकतं, आणि नेलंच तर त्यालाच नेतो, घरातलं माणूस वाचतं. मला यात काही वावगं वाटत नव्हतं. तुम्ही बाब्याला घरात घेतलंत, वर लोहाराकडून त्याच्या गळ्याला खिळ्यांचा पट्टा करून आणलात.

"कुत्र्याची जागा भाईर," मी म्हणाले. "राखणीला आसतंय ते."

"मंग कुत्रं कशाला म्हंतीस? इमा उतरवलाय म्हण की." तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडं बघितलंत. "पुन्यात त्येला लेकरू म्हंत्यात, हितं राखण म्हंत्यात. कुत्रं म्हणून कुनी ठिवतच न्हाई त्येला."

यावर मी भांडी आपटली. 

पण खरं सांगू का? मला त्रास कुत्र्याचा नव्हता. संध्याकाळी चहा झाला की आपण दोघी पायरीवर बसून साऱ्या गावाची उणीदुणी काढायचो. दिवसभरात तेवढाच वेळ आपण एका बाजूच्या असायचो. बाब्या आल्यापासून तुम्ही त्याच्या अंगावरचे गोचीड काढत बसायच्या आणि बोलायच्या ते त्याच्याशी. मी काही सांगायला गेले की, "हां, हां." साठी उलटलेल्या बाईनं कुत्र्याचा मत्सर करावा, हे कुणाला सांगायचं? मी म्हणायची, घरात केस पडतात.

दिवाळीनंतर एकदा त्यानं अंगणात माझ्या अंगावर उडी घेतली. लाडानंच. मी पडले आणि डावं मनगट मोडलं. त्या रागात मी म्हणाले, "ह्या घरात एकतर ते ऱ्हाईल, न्हाईतर मी ऱ्हाईन." तुम्ही माझ्या गळ्यातल्या झोळीची गाठ नीट करत होतात. "आन् तू कुठं जाशील गं, मंदे?" म्हणालात. चेष्टाच होती. पण मला खरोखरच कुठं जायला जागा नव्हती, आणि ते तुम्हाला माहीत आहे हे मला फार लागलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, दौंडला. सकाळी नितीन गाडी घेऊन आला. फाटकातून शेवटी तुम्ही बाहेर पडलात, वळलात आणि कडी लावलीत. मी खिडकीत उभी होते. नीट लावलीत, खोबणीत बसल्याचा आवाजसुद्धा आला. दुपारी मी दूध गोळा करणाऱ्या संपतला हाक मारली.

आपल्याकडची रीत काय तुम्हाला सांगायला हवी? नकोसं झालेलं कुत्रं मारायचं नाही, पाप लागतं. पोत्यात घालायचं, भीमेच्या पुलावरून पलीकडं शिरूर तालुक्यात न्यायचं, पोतं तीनदा गरगर फिरवायचं आणि सोडून द्यायचं. पाणी ओलांडलं की कुत्रं वास विसरतं, परत येत नाही. माझ्या वडलांनी अशी दोन सोडलेली मला आठवतात. पलीकडची माणसंही त्यांची अलीकडं आणून सोडतात. नदीच्या दोन्ही काठांवर एकमेकांची नकोशी कुत्री फिरतात आणि मारल्याचं पाप कुणालाच लागत नाही.

संपत पोतं घेऊन आला होता. पोत्याची गरजच पडली नाही. टेम्पोचं दार उघडं दिसल्याबरोबर बाब्या आपणहून उडी मारून आत गेला आणि पुढच्या सीटवर बसला. शेपटी सीटवर आपटत होता. त्याला वाटलं असणार, आलं कुणीतरी न्यायला. मी चांगल्या हातानं त्याच्या गळ्यातला खिळ्यांचा पट्टा सोडवला, कारण त्या पट्ट्यावरून त्याला पंचक्रोशीत कुणीही ओळखलं असतं. तो माझा हात चाटत होता. पट्टा मी विहिरीत टाकला.

ही रीत गावच्या कुत्र्यांसाठीची आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. गावचं कुत्रं पलीकडं गेलं तरी उकिरडा शोधतं, तिथल्या कुत्र्यांपुढं शेपूट घालतं, उसात शिरायचं नाही हे त्याला कळतं. सोफ्यावर वाढलेल्या जिवाला त्यातलं काय येणार? मुलांना अंगणवाडीत तीस वर्षं शिकवलं मी, पण एवढी गोष्ट मला कळली नाही.

तिसऱ्या दिवशी तुम्ही काळा चष्मा लावून आलात आणि फाटकातूनच हाक मारलीत. तो आला नाही.

"बाब्या कुठाय गं?"

"तुमी गेल्या त्याच सकाळी गेला. फाटक उघडं व्हतं."

एवढंच बोलले मी. बाकीचं तुम्हीच जोडलंत. "मीच शेवटची भाईर पडले. नीट दिसतच न्हवतं मला. कडी बसलीच नसंल." कपाळावर हात मारून घेतलात. मी म्हणाले, "रडू नका, डाक्टरनं डोळ्याला पाणी लावू नका म्हणून सांगितलंय." बसली होती कडी, हे दोन-तीन शब्द. ते सोडून मी बाकी सगळं बोलले.

मग तुम्ही मला कागद घेऊन बसवलंत. तुम्ही सांगत होतात आणि मी माझ्या सुबक अक्षरात लिहीत होते. 'हरवला आहे.' रंग बिस्किटासारखा. "लिही, कुनाला चावत न्हाई. लिही, बाब्या म्हणलं की येतू." झेरॉक्स काढल्या. डेअरीत, पाटसच्या स्टँडवर, वरवंडच्या त्या ढाब्यावर आपण दोघींनी जाऊन चिकटवल्या. खळ मीच लावत होते. चार कागद उरले. तुम्ही म्हणालात, "पल्याड लावू की हे. शिरूरच्या अंगाला."

आणि मी म्हणाले, "आक्का, कुत्रं कवा पानी वलांडतंय व्हय?"

तुम्ही मान डोलावलीत. तुम्हीही इथल्याच, लहानपणापासून हेच ऐकलेलं. कागद परत पिशवीत गेले. आक्का, टेम्पो मी रागाच्या भरात बोलावला होता, असं निदान स्वतःला सांगता येतं. हे वाक्य मी शांतपणे, हाताची खळ पुसत बोलले.

महिना-दीड महिन्यानं आठवडे बाजारात पलीकडच्या गावची एक कांदेवाली शेजारणीशी बोलत होती. पुलाच्या तोंडाशी एक मोठं पिवळं कुत्रं येऊन बसलंय, म्हणे. प्रत्येक गाडीच्या दाराशी जाऊन उभं राहतंय, लोकांनी दगड मारले तरी जात नाही. मला तिथूनच गाडी मिळाली असती. त्याला घेऊन आले असते, सापडला म्हणून सांगितलं असतं, माझं खोटं झाकलं गेलं असतं आणि तुमचा जीव भांड्यात पडला असता. मी शेपूच्या दोन जुड्या घेतल्या आणि घरी आले. मला भीती वाटली. तो माझ्यावर गुरगुरेल याची नाही, मला बघून शेपटी हलवेल याची.

माझं प्लास्टर निघेपर्यंत माझी वेणी तुम्ही घालायच्या. बाब्या गेल्यावरही घालत होतात. मागं तुमचे हुंदके ऐकू यायचे आणि केसांत तुमची बोटं फिरत असायची, एकदासुद्धा ओढ बसली नाही. भाकरीचा तुकडा मोडून द्यायच्या, पातळाच्या निऱ्या करून द्यायच्या. माझ्या आईनंही माझं एवढं केलं नाही. मी आरशात बघत बसायची, आणि आरशात तुमचं तोंड दिसायला लागलं की डोळे मिटायची. तुम्ही विचारायच्या, "दुखतंय व्हय गं?" मी म्हणायची, व्हय.

दोन वर्षं तुम्ही दिवसातून दहादा फाटकाशी जाऊन कडी हलवून बघितलीत. नितीन म्हणाला, मोठी आई, दुसरं पिल्लू आणतो. तुम्ही म्हणालात, "नगं रं बाबा. माज्या हाताखाली जीव द्यायच्या लायकीची न्हाई मी." मी तेव्हा भाकरी थापत होते. थापतच राहिले. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही, आणि तुम्हाला वाटलं मला पित्त झालंय. तुम्ही कोकम भिजत घातलंत.

शेवटच्या आठवड्यात तुमचा आवाज अगदी बारीक झाला होता. मी पाय चेपत होते. तुम्ही म्हणालात, "मंदे, तुज्या मनात कायतरी हाय." मी म्हणाले, "काय न्हाई. पडा तुमी." तुम्ही डोळे मिटलेत. तुम्हाला कळलं होतं का, हा विचार मी या चौदा दिवसांत पुष्कळ केला. कळलं असतं तर तुम्ही गप्प बसणाऱ्यातल्या नव्हतात. सारी वस्ती गोळा केली असती.

आज सकाळी मी संपतच्या टेम्पोतून नदीपलीकडं गेले. "आता कशापायी, काकू?" तो म्हणाला. तरी घेऊन गेला. पूल संपला की डाव्या हाताला एक घर आहे, दारात आखूड साखळीला बांधलेलं कुत्रं आहे. गोठा झाडणारी एक बाई बाहेर आली. मी विचारलं, बिस्किटाच्या रंगाचं मोठं कुत्रं इथं बसायचं का?

"कवाची गोष्ट म्हंता?"

"दोन वर्षं झाली."

"हां, व्हतं की. लई दिस व्हतं. गाडी आली की पळायचं. भाकर टाकली तर बघायचं निसतं, हाताशी आणून द्या म्हणायचं जनू." ती हसली. "मंग येक दिशी उसात शिरलं. बिबट्यानं नेलं. तुमचं व्हतं का? हरावलं व्हतं?"

आक्का, मी तुमच्यासाठी जुळवलेलं ते वाक्य तिला सांगितलं. "न्हाई. हरावलं न्हवतं. मी सोडलं त्याला. आमच्या आक्का त्याच्यापायी दोन वर्षं झुरल्या, सोताला दोष देत गेल्या, आन् मी त्यांना सांगितलं न्हाई."  दाराची चौकट धरून मी ती काय म्हणते याची वाट बघत राहिले.

तिनं खाट पुढं ओढली. "आवो मावशी, बसा. रडू नका. सगळीच सोडत्यात. आमीबी सोडलीत की. त्यात काय येवढं? बसा, च्या ठिवते."

मी तो चहा प्यायले. परत येताना टेम्पोत संपत म्हणाला, काकू, तुमी तरी किती मनाला लावून घेता. दुपारी नितीनला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, जाऊ दे आई, आणून सोडला तर मीच होता ना. तू जेवलीस का? मला माफ करायला सगळे एका पायावर तयार आहेत. कुणी आवाजसुद्धा चढवत नाही. मला हवं होतं ते एवढंच, की कुणीतरी समोरचं ताट भिरकावून द्यावं, "मंदे, तुजं त्वांड दावू नगंस मला," म्हणून किंचाळावं, महिनाभर माझ्याशी बोलू नये. तसं करणारं माणूस नदीच्या दोन्ही काठांवर मिळून एकच होतं, आक्का. त्याला मी सांगितलं नाही.